व्हॅलिसनेरियाला रनर येतात, पिल्लं धरतात आणि मग सडतात – दर महिन्याला तेच होत असेल तर काय बघायचं

माशांच्या टँकमधल्या व्हॅलिसनेरियाला (पट्टीसारख्या लांब पानांचं पाण्यातलं झाड) रनर, म्हणजे बुडातून निघून आडवे पसरणारे कोंब, भरपूर सुटतायत, रनरच्या टोकाला छोटं रोप पण धरतंय, तीन-चार पानं होतात आणि मग आठवड्याभरात ते पिवळं पडतं, बुडाशी तपकिरी होतं, सुटून वर येतं आणि फिल्टरच्या तोंडाला जाऊन चिकटतं. परत नवीन रनर, परत तेच. हे ज्यांच्याकडे चाललंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय, कारण माझ्याकडे हे जवळजवळ सात महिने चाललं होतं आणि त्या सात महिन्यांत मी प्रत्येक वेळी काहीतरी नवीन बाटली आणली पण वाकून रोपाच्या बुडाकडे नीट बघितलं नाही. (इथून पुढे पिल्लं म्हटलं की रोपाची पिल्लं, माशांची नाही.)

आधी टँकचं सांगते. ३ फूट लांब, दीड फूट उंच, सव्वा फूट रुंद, खाली खडी आणि दगड वजा केले तर पाणी साधारण १३० लिटर धरा. मासे म्हणजे गप्पी, प्लॅटी आणि पाच कोरी (कोरिडोरस, तळाशी खडीत चरणारे मासे). वर ३० वॅटची एलईडी, टायमरवर. साताऱ्यात राहते, आमच्या भागात नळाला कास तलावाचं पाणी येतं आणि एप्रिल-मे मध्ये कमी पडायला लागलं की बिल्डिंगच्या बोअरचं सोडतात. पाण्याचं हे का सांगतेय ते पुढे येईल.

सगळ्यात आधी रनर जवळून कसा दिसतो ते बघा, कारण तो नीट बघितला की अर्धं काम तिथेच होतं. आईच्या, म्हणजे मूळ मोठ्या रोपाच्या बुडाशी, दोन पानांच्या बेचक्यातून पांढरट हिरवा दोऱ्यासारखा कोंब निघतो आणि खडीवरून आडवा सरपटत जातो, कधी खडीच्या अर्धा सेंटीमीटर खालून. बोटभर नाहीतर वीतभर गेला की त्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी गाठ येते आणि त्या गाठीला वरच्या बाजूला हिरवी चोच असते. चार-पाच दिवसांत चोच उघडून दोन पानं होतात, खालून शेवईसारखी पांढरी मुळं निघतात, आणि मुळं अजून खडीत नीट गेलेली पण नसतात तोवर त्याच पिल्लाच्या बुडातून पुढचा दोरा निघालेला असतो. आई, लेक, नात अशी रांग लागते. पानं आणि मुळं जिथे भेटतात तो जो पांढरा, घट्ट, मुगाच्या दाण्याएवढा भाग आहे ना, तो गाभा. स्ट्रॉबेरीवाले त्याला क्राऊन म्हणतात. सगळं त्या मुगाएवढ्या जागेवर अवलंबून आहे, नवीन पान तिथूनच येतं, मूळ तिथूनच येतं आणि पुढचा रनर पण तिथूनच.

आणि तो दोरा म्हणजे नाळ आहे. पिल्लाला स्वतःची मुळं लागेपर्यंत साखर, पोटॅश, नत्र सगळं त्या दोऱ्यातून आईकडून येत असतं. आपण पिल्लाकडे वेगळं रोप म्हणून बघतो आणि तिथेच फसतो, ते अजून वेगळं झालेलंच नसतं.

हे मला कळलं ते मामांमुळे. मामा वाई तालुक्यात स्ट्रॉबेरीची रोपवाटिका करतात. महाबळेश्वर-पाचगणीला जी स्ट्रॉबेरी लागते तिची बरीच रोपं खाली वाईच्या बाजूला तयार होतात कारण वर पावसाळ्यात पाऊस नुसता कोसळत असतो, खाली त्यामानाने कमी. मदर प्लांट आधी लावून ठेवायचे, त्यांना रनर फुटले की बाजूने मातीच्या पिशव्या मांडायच्या, रनरवरचं एकेक पिल्लू एकेका पिशवीच्या तोंडावर बसवायचं, मुळं पिशवीत शिरली की मगच दोरा कापायचा आणि पाऊस ओसरला की ती रोपं लागवडीला जातात. लहानपणी सुट्टीत गेले की पिशव्या भरायला मी पण बसायचे. म्हणजे रनर हा प्रकार माझ्या डोळ्यासमोर वाढलेला, पण तो पाण्यात आला आणि मला ओळखू आला नाही.

राखीपौर्णिमेला मामा माझ्या आईकडून राखी बांधून घ्यायला घरी आले होते. टँकसमोर खुर्ची ओढून बसले, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग काचेवर बोट ठेवून म्हणाले, "आगं, ह्यो गाभा का गाडलायस?" मी म्हटलं मामा, वर येतात ना, म्हणून खोल लावली. "नाकातोंडात माती गेल्यावर माणूस तरी जगल का?" मग दुसऱ्या कोपऱ्याकडे बघून, "आन् ह्येचा दोरा कुणी कापला?" मी म्हटलं मीच. "मूळ धरायच्या आधी? बाळाचं दूध तोडल्यागत झालं की पोरी."

झालं, सात महिन्यांचं निदान चहा थंड व्हायच्या आत झालं. पण पूर्ण नाही, कारण गाभा आणि दोरा हे दोन्ही सुधारल्यावर सडणं थांबलं तरी पिवळं पडणं थांबलं नाही, त्याची कारणं वेगळी निघाली. आता क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, काहीही विकत आणायच्या आधी रांगेतलं कुठलं पिल्लू जातंय ते बघा. हे मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलं. आई हिरवीगार, शेवटचं पिल्लू पण हिरवं, आणि मधलंच एखादं बुडातून सडलं तर तो त्या जागेचा दोष आहे, गाभा दबलाय नाहीतर खाली खडीत घाण साठलीय. आई ठीक दिसतेय पण रांगेच्या टोकाकडची पिल्लं फिकी, पिवळी होत चाललीत, तर आईकडून पुरत नाहीये, म्हणजे खाणं कमी आहे. आणि आई, लेक, नात सगळ्यांची पानं दोन-चार दिवसांत एकदम काचेसारखी पारदर्शक होऊन वितळली तर पाण्यात काहीतरी बदललंय किंवा पडलंय. ह्या तीन प्रकारांचे उपाय तीन वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला तर नुकसान होतं, मी तेच करत होते, गाभा सडतोय आणि मी खत वाढवतेय, मग खत पाण्यात राहिलं आणि काचेला शेवाळ.

एक पिल्लू उपटून हातात घ्या, एकच, सगळी नको. बुडाला दोन बोटांत हलकं दाबा. घट्ट आणि पांढरं असेल तर पानं कितीही वाईट दिसू देत ते रोप जिवंत आहे, परत लावा. पिकलेल्या केळ्यासारखं बुळबुळीत लागलं, पानं ओढली की गाभ्यापासून अलगद सुटून हातात आली आणि वासाला गटारासारखं आलं तर ते गेलं. मुळं बघा, पांढरी किंवा फिकट पिवळी चांगली, काळी आणि पोकळ झालेली वाईट. खडी उकरताना सडक्या अंड्याचा वास आला तर खाली हवा जात नाहीये, तिथे आधी सायफन करून घाण काढा मगच लावा.

आता गाभ्याचं. मला एका दुकानात सांगितलं होतं की दोन इंच खोल लावा म्हणजे सुटून वर येणार नाहीत आणि मी दर वेळी चिमट्याने पिल्लू धरून चांगलं आत खुपसत होते. व्हॅलिसनेरिया, सॅजिटेरिया, क्रिप्टो (क्रिप्टोकोरीन), टँकमधल्या ह्या सगळ्या झाडांना एकच नियम, मुळं आत आणि गाभा बाहेर. करायचं असं की आधी थोडं खोल लावा आणि मग पानं धरून हळूच वर ओढा, गाभ्याची पांढरी कड खडीच्या वर दिसायला लागली की थांबा, त्यामुळे मुळं पण खाली सरळ होतात. नंतर एक-दोन दिवसांनी परत बघा कारण कोरी मासे खडी उकरून उकरून गाभ्यावर ढीग करून ठेवतात, माझ्याकडे डाव्या कोपऱ्यात हे रोज व्हायचं, तिथे मी आता पिल्लाच्या पुढे एक चपटा दगड आडवा लावून ठेवलाय.

दुसरं, दोरा कापायची घाई. पिल्लू नको त्या जागी जात होतं म्हणून मी तीन पानांवर असताना कापून हव्या त्या जागी लावायचे. तीन पानांच्या पिल्लाची मुळं असतात जेमतेम सेंटीमीटरभर, त्याच्यावर ते काय जगणार. आता मी पाच-सहा पानं आणि बोटाच्या दोन पेरांएवढी मुळं झाल्याशिवाय कात्री लावत नाही. मुळं खडीत असतात मग लांबी कशी कळणार, तर पान धरून अगदी हलकं ओढून बघा, खडी धरून ठेवली असेल, रोप हललं नाही तर झालंय. आणि जागा बदलायची नसेल तर दोरा कापूच नका. त्याची आपोआप गरज संपते, काही महिन्यांनी तो स्वतःच तपकिरी होऊन विरून जातो. हे विरणं बघून घाबरायचं काम नाही, दोरा तपकिरी आणि दोन्हीकडची रोपं हिरवी म्हणजे सगळं व्यवस्थित आहे.

पिल्लू नको तिकडे जात असेल तर कापण्यापेक्षा वळवा. ही मामांची पिशवीची रीत आहे, फक्त पिशवीच्या जागी खडी. रनर अजून कोवळा आहे, टोकाला नुसती चोच आहे, तेव्हाच तो हाताने हळू हवा तिकडे फिरवायचा (जास्त वाकवला तर काकडीसारखा कट्कन मोडतो, म्हणून एका दिवसात पूर्ण फिरवू नका, दोन-तीन दिवसांत थोडा थोडा) आणि चोचीच्या मागे एक इंचावर दोऱ्यावर छोटा खडा ठेवायचा. खडा दोऱ्यावर, गाभ्यावर नाही. स्ट्रॉबेरीला तारेची उलट्या यू सारखी पिन मारतात, टँकमध्ये मारायची असेल तर चांगल्या स्टीलच्या तारेची करा, जस्ताचा मुलामा दिलेली बांधकामाची तार नको, जस्त पाण्यात उतरतं आणि कोळंबी, गोगलगाई त्याने मरतात. काळ्या रंगाच्या केसाच्या पिना पण नको, आठ दिवसांत गंजतात. मला खडाच बरा वाटतो, मूळ धरलं की उचलून पुढच्या पिल्लाला लावायचा.

एका पंधरवड्यात मी मुद्दाम तीन तऱ्हा शेजारी शेजारी करून बघितल्या, काही पिल्लं तशीच सोडली, काहींच्या दोऱ्यावर खडा ठेवला आणि काही जुन्या सवयीने कापून लावली. खडा ठेवलेली सगळी धरली आणि सगळ्यात लवकर पुढचा रनर त्यांनीच सोडला. नुसती सोडलेली पण बहुतेक धरली, फक्त फिल्टरच्या झोतात सापडलेलं एक अधांतरी राहिलं. कापलेल्यातलं एकच जगलं आणि ते पण महिनाभर तसंच बसून होतं. त्यानंतर मी कात्री बाजूलाच ठेवली.

खडीबद्दल. माझ्याकडे आधी रंगीत गोटे होते, हरभऱ्यापेक्षा मोठे. त्यात मुळाला धरायला काही नसतं, मधल्या फटीत माशांची घाण जाऊन बसते आणि पिल्लू नुसतं वर तरंगत राहतं. दोन-तीन मिलिमीटरची बारीक खडी किंवा जाड वाळू सगळ्यात बरी, थर मागच्या बाजूला दोन-अडीच इंच. आपल्याकडे क्रशरवर काळ्या दगडाची बारीक कच मिळते ती चालते, पाणी अगदी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, पंधरा-वीस पाणी लागतात, कंटाळा करू नका नाहीतर पंधरा दिवस टँक दुधाळ. कुठलीही अनोळखी खडी टाकायच्या आधी वाटीत घेऊन त्यावर लिंबू पिळा, फेस आला तर त्यात चुना आहे. संगमरवराचे तुकडे असतील तर हमखास येतो. व्हॅलिसनेरियाला थोड्या चुन्याने काही होत नाही, उलट आवडतो, पण क्रिप्टो आणि बाकी नाजूक झाडं असतील तर टाळा.

आता खाणं. सडणं थांबल्यावर माझ्याकडे रांगेच्या टोकाची पिल्लं फिकी पडायला लागली ती ह्यामुळे. कुठलं पान बिघडतंय बघा. जुन्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि कडा पिवळ्या असतील तर पोटॅश कमी. जुनं पान अख्खं एकसारखं पिवळं पडत असेल तर नत्र कमी, हे मासे कमी आणि झाडं जास्त असलेल्या टँकमध्ये होतं. नवीन येणारं पानच फिकं, पांढरट पिवळं येत असेल तर लोह. पोटॅश आणि नत्र झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं म्हणून तिथे जुनं पान आधी बिघडतं, लोह काढता येत नाही म्हणून नवीन पान आधी दाखवतं, हे एकदा डोक्यात बसलं की चुकत नाही.

पोटॅशसाठी मी अॅक्वेरियमची महागडी बाटली आणत नाही. आपला भाग द्राक्ष, ऊस, स्ट्रॉबेरीचा, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ०:०:५० मिळतं, ते पोटॅशियम सल्फेट. १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम टाकलं की लिटरला साधारण ४ मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं, आठवड्यातून एकदा पाणी बदलल्यावर तेवढं पुरतं. नत्र हवं असेल तर १३:०:४५, ते पोटॅशियम नायट्रेट, १०० लिटरला १ ग्रॅमने नायट्रेट लिटरला ६ मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. सोन्याच्या काट्यासारखा छोटा वजनकाटा ऑनलाइन मिळतो तो घ्या, चमच्याच्या अंदाजाने टाकू नका. आणि १९:१९:१९, युरिया, डीएपी ह्यातलं काहीही टँकमध्ये टाकू नका, त्यातल्या युरिया-अमोनियाने मासे जातात, हे मी कळकळीने सांगतेय कारण "खत ते खत" म्हणून टाकणारे मला भेटलेत आणि सकाळी त्यांचे सगळे मासे वर आले होते.

लोहाला मी मुळाशी टाकायच्या गोळ्या वापरते, रूट टॅब. व्हॅलिसनेरिया मुळातून भरपूर खाते. गोळी आईच्या मुळाशी, बुडापासून दोन इंच लांब आणि खडीच्या तळापर्यंत खोल. पिल्लाखाली गोळी देऊन फार उपयोग होत नाही कारण त्याला खायला मुळंच नाहीत अजून, आईला द्या, ती दोऱ्यातून पोचवते. मी तीन-चार महिन्यांनी एकदा, वीतभर अंतरावर एक अशा देते. पाण्यात टाकायचं लोह बोअरच्या पाण्यात टिकत नाही हे पण लक्षात ठेवा, साधं ईडीटीए वालं चिलेट (लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन) पीएच सातच्या वर गेला की सुटायला लागतं आणि लोह खाली बसतं, बाटलीवर डीटीपीए लिहिलेलं बघून घ्या.

पाण्याचं म्हणाले होते ना. कासचं पाणी म्हणजे जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर पडलेला पाऊस, अगदी मऊ. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातलं, जड, बादलीला पांढरे डाग पडतात. व्हॅलिसनेरियाला खरं तर जड पाणीच मानवतं, जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून ती कार्बन घेऊ शकते, जे बऱ्याच झाडांना जमत नाही, म्हणून कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर नसलेल्या टँकमध्ये ती एवढी फोफावते. अडचण मऊ-जड ह्याची नाही, अचानक बदलण्याची आहे. मे महिन्यात नळाला बोअरचं पाणी आलं आणि मी नेहमीसारखं अर्धं पाणी बदललं, चार दिवसांत मोठी पानं वितळायला लागली आणि क्रिप्टो तर पूर्ण बसली. आता त्या दिवसांत मी आठवड्याला अर्धं बदलण्याऐवजी दोन-तीन दिवसांनी एक-एक बादली बदलते. नळाचं टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) एकदम बदललेलं मीटरवर दिसलं की दोन आठवडे हेच करा.

आणि असं वितळलं तरी उपटून टाकू नका. गाभा घट्ट असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवीन पान येतं. नवीन आणून लावलेली व्हॅलिसनेरिया पण पहिल्या पंधरा दिवसांत जुनी पानं टाकते, नवीन पाण्याची पानं नव्याने येतात, तोवर सडकी पानं तेवढी कापून काढत राहा. क्रिप्टोचं तर हे नेहमीचंच आहे, पाणी बदललं, जागा बदलली, लाइट बदलला की पानं टाकायची आणि परत फुटायचं, तिचं मूळ खाली शाबूत असतं.

लिक्विड कार्बन म्हणून झाडांसाठी बाटली मिळते तिच्याबद्दल एकच, व्हॅलिसनेरिया असेल तर नको. त्यात ग्लुटारल्डिहाइड असतं, ते जंतुनाशक आहे, शेवाळ मारायला लोक वापरतात पण व्हॅलिसनेरियाला ते सोसत नाही. मी शेवाळासाठी टाकलं, बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा कमीच टाकलं, तिसऱ्या दिवशी पूर्ण रांगा पारदर्शक. वर सांगितलेला तिसरा प्रकार तो हाच. अर्धं-अर्धं पाणी दोनदा बदलून, फिल्टरमध्ये कोळसा टाकून जेवढ्या वाचल्या तेवढ्या वाचल्या.

बाकी लहान गोष्टी. आईची पानं वर पाण्यावर आडवी पसरून खाली सावली करत असतील तर पिल्लं अंधारात राहतात, सगळ्यात जुनी बाहेरची पानं बुडापासून काढा, मधून कापली तर कापलेलं टोक तपकिरी होत खाली येतं. लाइट सात-आठ तास पुरे. गोल्डफिश असतील तर ते पिल्लं उपटणार, त्याला जाळीशिवाय इलाज नाही.

एक गोंधळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून सांगते, बुडापासून निघून सरळ वर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत जाणारा बारीक, स्प्रिंगसारखी वळणं असलेला दोरा रनर नसतो. तो फुलाचा देठ. व्हॅलिसनेरियात नर-मादी झाडं वेगळी, मादीचं फूल त्या देठावर वर येऊन तरंगतं, नराची बारीक फुलं बुडाशीच सुटून वर तरंगत तिच्यापर्यंत जातात आणि परागण झालं की देठ वळत वळत फळ खाली ओढून घेतो. तो दोरा खडीत खुपसून पिल्लू यायची वाट बघू नका. आणि रनरवरची सगळी पिल्लं म्हणजे एकाच झाडाचे तुकडे, आई मादी तर सगळा टँक मादी, त्यामुळे बी धरत नाही म्हणून पण काळजी नको.

दुसरी झाडं असतील तर त्यांची चाल वेगळी आहे. बुटकी सॅजिटेरिया खडीच्या थोडं खालून जाते, दाट गालिचा करते आणि पिल्लं आईच्या जवळ काढते, तिला व्हॅलिसनेरियासारखंच वागवा. हेअरग्रास खालूनच पसरतं, लावताना जुडी न लावता चार-पाच काड्यांचे बारके तुकडे करून दोन-दोन सेंटीमीटरवर लावा तरच पसरतं, आणि त्यात खडी बारीकच हवी. क्रिप्टोचे रनर खोल आणि सावकाश, वर्षभर काही दिसत नाही आणि एक दिवस आईपासून वीतभर अंतरावर पान उगवतं, तिथे उकरत बसाल तर मूळ दुखावेल. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत क्रिप्टो आपोआप वाढते, क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरालिस, पावसाळ्यात जोराच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात जवळजवळ कोरड्या वाळूत, त्यामुळे पानं टाकून तग धरणं तिच्या अंगातच आहे. आणि कासच्या डबक्यांत वाय आकाराचं फूल येणारा वायतुरा आहे, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अॅपोनोजेटन सातारेन्सिस, तो रनरवर नाही तर कंदातून येतो. तो तिथेच राहू द्या. टँकसाठी उपटून आणायचा विचार पण करू नका, तो जगात फार थोड्या सड्यांवर आहे.

सगळं जमलं की मग उलटी तक्रार सुरू होते, टँक भरून गेला. माझ्याकडे दिवाळीपर्यंत मागची पूर्ण बाजू भरली आणि रनर पुढे यायला लागले. त्यासाठी प्लास्टिकची पट्टी, मी जुन्या फाइलच्या कव्हरची कापली, तीन इंच रुंद, खडीत उभी गाडायची आणि वर अर्धा इंच राहू द्यायचा, खालून जाणारे थांबतात. वरून उडी मारणारे असतातच, ते आठवड्याला बघून चोच असतानाच मागे वळवायचे किंवा खुडायचे. कोवळा असताना खुडला तर आईवर काही परिणाम होत नाही, उलट तिचा जोर पानांत जातो, मामा पण फळाच्या हंगामात स्ट्रॉबेरीचे रनर असेच खुडून टाकतात.

काढलेली जादा रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घातली की दोन-तीन दिवस आरामात राहतात, मी अशीच बिल्डिंगमधल्या मुलांना आणि कऱ्हाडच्या बहिणीला दिली. कोणी घेणारं नसेल तर उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत खत म्हणून टाका. ओढ्यात, तळ्यात, कृष्णेत टाकू नका. जलपर्णी पण अशीच रनरवर पसरते, तिचा दोरा खडीवरून जातो त्याऐवजी पाण्यावरून जातो एवढाच फरक, आणि ती पण दक्षिण अमेरिकेतून शोभेचं झाड म्हणूनच आणलेली, पंचगंगेत ती काय करते ते इचलकरंजीकरांना विचारा. टँकचं पाणी बदलताना सायफनमधून बारीक पिल्लं जातात, म्हणून मी बादलीवर चहाची जुनी गाळणी धरते आणि गाळणीत राहिलेलं कुंडीत टाकते.